मसुदा वाचायला शिकलेले आंदोलन

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले आणि शिरूरला घोड नदी ओलांडली की पुढे पारनेर तालुका लागतो. वाडेगव्हाणच्या फाट्यावर आत वळले की थोड्याच वेळात राळेगणसिद्धी येते. इथे उतरणारी बहुतेक मंडळी पाणलोटाची कामे बघायला आलेली असतात. पण त्यांच्यात काही जण वेगळे ओळखू येतात. काखेत पिशवी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा: सातबारा, फेरफाराची नोंद, तहसीलला दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या. बंधारे आणि झाडी बघण्यात त्यांना रस नसतो. ते विचारतात, अण्णांच्या कार्यालयात कोणाला भेटायचे?

या पिशव्या राळेगणला यायला लागल्या त्याला तीन दशके उलटून गेली. 1991 साली अण्णा हजारे यांनी भ्रष्टाचार विरोधी जनआंदोलन सुरू केले. वनखात्यातले चाळीसेक अधिकारी आणि लाकडाचे व्यापारी यांच्या संगनमताविरुद्धची लढाई ही त्याची सुरुवात. तोवर राळेगणची ख्याती पाण्याची आणि दारूबंदीची होती. लष्करातून 1975 मध्ये परतलेल्या अण्णांनी यादवबाबांच्या देवळात मुक्काम ठोकून गाव उभे केले, हे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेले आहे. आंदोलनाची गोष्ट सांगताना मात्र सगळ्यांना उपोषणेच आठवतात. किती दिवस, वजन किती घटले, कोणाच्या हातून लिंबूपाणी घेतले. मला या संस्थेच्या वाटचालीत दुसरेच काहीतरी मोलाचे वाटते. सातवीपर्यंत शिकलेल्या एका माणसाभोवती जमलेली ही माणसे विधेयकाचा मसुदा कलमागणिक वाचायला शिकली. सरकारने काय दिले, कोणत्या शब्दात दिले आणि त्या शब्दाच्या आड काय परत काढून घेतले, हे त्यांना कळू लागले. महाराष्ट्रात हे कसब तोवर तीनच ठिकाणी होते: मंत्रालयात, वकिलांच्या कचेरीत आणि ज्यांना वकील परवडतात अशा व्यापारी संघटनांत.

नव्वदच्या दशकातली कचेरी ज्यांनी पाहिली नाही त्यांना याचे महत्त्व समजावून सांगावे लागते. आमच्या घरच्या एका फेरफारासाठी माझ्या वडिलांनी दीड वर्ष हेलपाटे घातले. नोंद का अडली, कोणत्या टेबलावर अडली, त्यावर शेरा काय पडला, यातले काहीही त्यांना विचारता येत नव्हते. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस बसायचा, त्याला मात्र सगळे ठाऊक असायचे. तो माहिती विकत होता. गोपनीयतेचा 1923 चा कायदा दिल्लीतल्या संरक्षणाच्या गुपितांसाठी असेल, पण त्याची सावली गावच्या दप्तरापर्यंत पडली होती आणि त्या सावलीत एक अख्खा धंदा पोसला गेला होता. अर्जनवीस, दलाल, बदल्यांचे दर ठाऊक असलेले मध्यस्थ आणि वरच्या पातळीवर सुटाबुटातले सल्लागार ही एकाच साखळीतली माणसे. दप्तर जितके बंद, तितकी त्यांची गरज जास्त.

म्हणून 1997 मध्ये आझाद मैदानावर माहितीच्या अधिकाराची मागणी झाली तेव्हा ती या धंद्याच्या मुळावरच येणारी होती. त्याआधी आंदोलनाने व्यक्तींविरुद्ध लढून पाहिले होते. युती सरकारच्या मंत्र्यांवर आरोप झाले, काहींना जावेही लागले. पण पुढे 1998 साली मंत्री बबनराव घोलप यांनी गुदरलेल्या बदनामीच्या खटल्यात अण्णांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला गेले. आरोप खरा असो वा खोटा, कोर्टात कागद लागतो आणि कागद तर सरकारच्याच कपाटात, हा धडा त्या प्रकरणाने पक्का केला असे मला वाटते. कपाट उघडणारा कायदा हवा होता.

राज्याचा पहिला कायदा 2000 साली आला आणि तो निरुपयोगी होता. अपवाद इतके, की मूळ नियमच दिसेनासा व्हावा. इथे संस्थेने महत्त्वाचा निर्णय घेतला. कायदा झाला म्हणून गुलाल उधळला नाही. कलमे धरून बसायचे ठरवले. माहिती किती दिवसांत? न दिल्यास दंड कोणाला, खात्याला की अधिकाऱ्याला? अपील कोणाकडे? या तीन प्रश्नांवर पुढची दोन वर्षे गेली. सप्टेंबर 2002 मध्ये अध्यादेश निघाला आणि ऑगस्ट 2003 मध्ये, आझाद मैदानावर पुन्हा उपोषण चालू असताना, राष्ट्रपतींची मोहोर उमटली. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 250 रुपये दंड ही तरतूद त्यात होती. केंद्राचा कायदा 2005 च्या 12 ऑक्टोबरला अमलात आला, त्यातही दिवसाला 250 रुपये हा दर आहे, कमाल 25 हजार, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून.

या कायद्याचा वकिली व्यवसायावर काय परिणाम झाला, हे सहसा कोणी लिहीत नाही. कलम 6 म्हणते की माहिती कशाला हवी याचे कारण अर्जदाराने सांगायची गरज नाही. कलम 23 दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करते: या कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध दावा लावता येत नाही, आयोगाकडे अपील करावे लागते. म्हणजे कायदा करतानाच तो वकिलाशिवाय चालावा अशी रचना केली गेली. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि साध्या कागदावर लिहायचे. तीस दिवस वाट बघायची, मग त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, मग आयोगाकडे दुसरे. शेतमजुराला स्वतः उभे राहून बोलता यावे, ही कल्पना त्यामागे होती. चहाच्या टपरीवरच्या माणसाची माहिती एका दिवसात दहा रुपयांची झाली. माझ्या वडिलांना हे बघायला मिळाले, आणि जुना अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होता हे त्यांना कागदावर मिळाले तेव्हा त्यांनी तो कागद देवघरात ठेवला.

पण हा धंदा असा सहज मरत नाही. मोठ्या बांधकाम कंपन्या, कारखाने, खाती यांनी आयोगाच्या आदेशांविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करायला सुरुवात केली, कारण घटनेतला अनुच्छेद 226 कोणत्याही कलम 23 ने बंद होत नाही. दहा रुपयांत सुरू झालेले प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले की अर्जदाराला पुन्हा वकील शोधावा लागतो. दुसऱ्या बाजूला माहिती अधिकाराचेच दुकान मांडणारे लोक निघाले. अर्ज टाकायचा, बिल्डरला किंवा ग्रामसेवकाला गाठायचे आणि अर्ज मागे घेण्याचे पैसे घ्यायचे. आंदोलनाच्या शाखा राज्याच्या 33 जिल्ह्यांत आणि 252 तालुक्यांत पसरल्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात फलकावर संस्थेचे नाव लावून कोण काय करतो आहे, यावर लक्ष ठेवणे हा राळेगणच्या कार्यालयाचा कायमचा घोर झाला. दलालाला हटवणारा कायदा करायचा आणि त्याच कायद्यातून नवा दलाल उभा राहताना पाहायचा, हे दुःख संस्थेच्या जुन्या कार्यकर्त्यांनी सोसले आहे.

आणि एक दुःख याहून मोठे आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी याच आंदोलनाचे कार्यकर्ते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून उघडे केले. 13 जानेवारी 2010 च्या सकाळी ते फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा संसदेने पुढे केला, त्यावर 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींची सहीही झाली. पण सही झाली म्हणून कायदा लागू होत नाही, त्यासाठी सरकारला राजपत्रात तारीख जाहीर करावी लागते. ती तारीख जाहीर झालेली नाही. उलट 2015 मध्ये त्यालाच कात्री लावणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले होते, ते पुढे बारगळले.

मधल्या काळातला दुसरा कायदा लोकांना फारसा ठाऊक नाही, पण सरकारी नोकरांच्या वकिलांना तो पाठ आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा महाराष्ट्राचा कायदा. आंदोलनाच्या मागण्यांतून तो आला आणि 1 जुलै 2006 पासून लागू झाला. त्याला दोन तोंडे आहेत. कलम 10 सांगते की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. हे तोंड जनतेकडे आहे, आणि ते आजवर पुरेसे उघडलेले नाही. दुसरे तोंड कर्मचाऱ्यांकडे आहे. साधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल-मे महिन्यांत, आणि मध्येच बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता. या तरतुदींमुळे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) बदल्यांच्या अर्जांचा ओघ लागला. कलम 4 चे पोटकलम 5 म्हटले की मॅटचा वकील मान डोलावतो. पूर्वी बदली थांबवायला आमदाराची चिठ्ठी लागायची, आता निदान काही प्रकरणांत कारण लेखी दाखवावे लागते. मंत्र्याच्या दारातला मध्यस्थ थोडा मागे सरला, न्यायाधिकरणातला वकील पुढे आला. मला हा बदल चांगलाच वाटतो: वकिलाला निदान युक्तिवाद करावा लागतो आणि निकाल छापला जातो. पण सात दिवसांच्या फायलीसाठी सामान्य माणूस कोणत्या न्यायाधिकरणात जाणार?

विधेयकातली एक ओळ वाचता येण्याचा फायदा 2006 च्या ऑगस्टमध्ये दिसला. केंद्र सरकार माहितीच्या कायद्यातून फायलींवरचे शेरे वगळण्याच्या तयारीत होते. फाइलवरचा शेरा म्हणजे निर्णय कसा झाला त्याचा माग. तो काढला की उरतो नुसता निकाल, आणि निकाल तर दारावर चिकटवलेलाच असतो. अण्णा आळंदीला उपोषणाला बसले, देशभरातून विरोध झाला आणि सरकारने पाऊल मागे घेतले. ही दुरुस्ती विधेयक म्हणून संसदेत येण्याआधीच थांबली. मसुदा मांडला जाण्यापूर्वी अडवणे हे तर व्यावसायिक लॉबिंगचे सर्वांत वरच्या दर्जाचे काम. फरक एवढाच, की हे इंद्रायणीकाठी सर्वांच्या देखत झाले.

लॉबिंग या शब्दाला आपल्याकडे कायद्यात जागाच नाही. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, कोणासाठी, कोणत्या विधेयकावर आणि किती पैसे घेऊन हे जाहीर करावे लागते. वॉलमार्टने तिथल्या सिनेटला दिलेल्या विवरणांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय होता, हे 2012 च्या डिसेंबरात उघड झाले तेव्हा आपली संसद गाजली आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली. भारतातल्या धोरणावर झालेल्या खर्चाचा सुगावा आपल्याला परदेशी कायद्यामुळे लागला, ही गोष्ट मला फार लागून राहिली आहे. पुढच्या वर्षी खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंगचे व्यवहार जाहीर करायला लावणारे खासगी विधेयक आणले. ते तिथेच राहिले. राळेगणहून मुख्यमंत्री-पंतप्रधानांना जाणारे प्रत्येक पत्र मात्र त्याच दिवशी वर्तमानपत्रांच्या हातात असते.

संस्थेचीही तपासणी झाली आणि ती लपवण्यासारखी नाही. मंत्र्यांवरच्या आरोपांसाठी 2003 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाने अण्णांशी संबंधित ट्रस्टचेही हिशेब पाहिले. 2005 च्या अहवालाने काही मंत्र्यांवर ठपका ठेवला, सुरेश जैन आणि नवाब मलिक यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्याच अहवालात हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशांतून अण्णांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर झालेला 2 लाख 20 हजारांचा खर्च बेकायदा ठरवला गेला. दुसऱ्याचे दप्तर उघडायला लावणाऱ्याचे दप्तर अधिक स्वच्छ हवे, ही अपेक्षा रास्तच होती.

मग 2011 आले. जंतरमंतरवर 5 एप्रिलला सुरू झालेले उपोषण 9 तारखेला सुटले ते लोकपाल विधेयकासाठीच्या संयुक्त मसुदा समितीच्या अधिसूचनेवर. सरकारचे पाच, आंदोलनाचे पाच. एका बाजूला प्रणव मुखर्जी, पी. चिदंबरम, कपिल सिब्बल, वीरप्पा मोईली, सलमान खुर्शीद. दुसऱ्या बाजूला शांती भूषण, प्रशांत भूषण, न्यायमूर्ती संतोष हेगडे, अरविंद केजरीवाल आणि राळेगणचे अण्णा. दोन्हीकडचे कायदेपंडित मोजले तर त्या टेबलाभोवती देशातल्या वकिलीचा केवढा अर्क बसला होता! कायद्याचा मसुदा सरकारबाहेरच्या माणसांनी सरकारबरोबर बसून लिहावा, असे यापूर्वी क्वचितच घडले होते. समितीचे एकमत झाले नाही, दोन वेगळे मसुदे निघाले. ऑगस्टमध्ये अटक, तिहार, रामलीला मैदान, आणि 27 तारखेला संसदेने तीन मुद्द्यांवर दिलेला शब्द: नागरिकांची सनद, खालची नोकरशाही लोकपालाच्या कक्षेत आणि राज्यांत लोकायुक्त. पंतप्रधानांचे पत्र घेऊन मैदानावर आले ते विलासराव देशमुख.

त्या दिवसांत आंदोलनावर जी टीका झाली ती मला आजही गंभीरपणे घ्यावीशी वाटते. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मसुदा मांडला, कारण सगळी सत्ता एकाच लोकपालाच्या हाती देणे त्यांना धोक्याचे वाटले. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिलेला इशाराही अनेकांनी आठवून दिला: घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून दिले पाहिजेत. याचे उत्तर देताना मला 1968 हे वर्ष दिसते. त्या वर्षी पहिले लोकपाल विधेयक लोकसभेत आले आणि मंजुरीला 2013 साल उजाडले. पंचेचाळीस वर्षे घटनात्मक मार्ग खुला होता, पण त्यावर चालणारे कोणी नव्हते. याउलट 13 फेब्रुवारी 2025 रोजी केंद्राने वकील कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला, संप-बहिष्काराला लगाम घालणाऱ्या तरतुदींवर देशभरचे वकील रस्त्यावर आले आणि 22 तारखेला सरकारने तो फेरविचारासाठी मागे घेतला. नऊ दिवस. वकिलांच्या हरकती योग्य असतीलही, काही मला योग्य वाटतात. पण संघटित व्यवसायाला मसुदा हलवायला किती दिवस लागतात आणि पिशवीवाल्या माणसाला किती, हे या दोन आकड्यांत कळते.

लोकपाल कायदा संसदेत मंजूर झाला तो 17 आणि 18 डिसेंबर 2013 ला, अण्णा यादवबाबांच्या देवळाजवळ उपोषणाला बसलेले असताना. गावात आनंद झाला. मी मात्र त्या कायद्याची 46, 47 आणि 55 ही कलमे पुन्हा पुन्हा वाचतो. खोटी तक्रार केली तर तक्रारदाराला एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार संस्थेने किंवा ट्रस्टने केली असेल तर त्या वेळी कारभार पाहणारे सगळे जबाबदार. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने मागणी केली तर लोकपालाने त्याला कायदेशीर साहाय्य पुरवायचे. तक्रारदारासाठी असे कलम नाही. प्रामाणिक तक्रारीला शिक्षा नाही, अशी सोय कायद्यात आहे हे खरे. पण ती प्रामाणिक होती हे सिद्ध करायला पारनेरच्या माणसाने दिल्लीत कोणता वकील लावायचा? पहिल्या लोकपालाची नेमणूक व्हायला मार्च 2019 उजाडला.

याच कायद्याने सामाजिक संस्थांनाही कक्षेत घेतले होते. सरकारकडून ठराविक रकमेपेक्षा जास्त निधी किंवा परदेशातून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त देणगी घेणाऱ्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना लोकसेवक मानले गेले, म्हणजे मालमत्ता जाहीर करणे आले. मुदत जवळ आली तशी संस्थांनी धावपळ केली आणि जुलै 2016 च्या अखेरीस कलम 44 ची दुरुस्ती दोन्ही सभागृहांतून काही दिवसांत पार झाली. त्या दुरुस्तीने अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांची मालमत्ताही झाकली गेली. संस्थांना मिळालेल्या सवलतीच्या आडून नोकरशाहीने आपले काम साधून घेतले, असे मला वाटते. राळेगणहून याविरुद्ध पत्रे गेली आणि 2018 च्या मार्चमध्ये रामलीला मैदानावर पुन्हा उपोषण झाले तेव्हा हे कलम मागण्यांत होते.

संसदेने 2011 मध्ये दिलेल्या शब्दातला तिसरा मुद्दा राज्याचा होता. लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, कायदा 1971 चा. पण त्या लोकायुक्ताने फक्त शिफारस करायची, आणि मुख्यमंत्री त्याच्या कक्षेबाहेर. 30 जानेवारी 2019 ला अण्णा गावातच उपोषणाला बसले, 5 फेब्रुवारीला देवेंद्र फडणवीस राळेगणला आले आणि नव्या कायद्यासाठी संयुक्त मसुदा समिती ठरली. दिल्लीतल्या समितीचा गाजावाजा झाला होता, ही समिती शांतपणे बसली. सचिव आणि कार्यकर्ते समोरासमोर, शब्द खोडले जात होते, परत लिहिले जात होते. विधेयक विधानसभेत मंजूर झाले 28 डिसेंबर 2022 ला आणि विधान परिषदेत 15 डिसेंबर 2023 ला. या विधेयकाने मुख्यमंत्र्यांना कक्षेत घेतले, मात्र त्यांची चौकशी सुरू करायला विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागेल. ज्याचे बहुमत त्याची चौकशी, आणि परवानगी त्याच बहुमताची. ही अट मला मान्य नाही, आणि तरीही 1971 च्या कायद्यापेक्षा हे बरेच पुढचे आहे.

या मसुद्याच्या बैठकांना जाणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन नव्हते. त्यातल्या बहुतेकांनी कायद्याची पदवी घेतलेली नाही. केंद्राने 2014 साली ठरवले, की कोणताही मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे न पाळल्यास कोणी जाब विचारू शकत नाही. तीस दिवस मिळालेच तरी दोन-तीनशे पोटकलमे वाचून सूचना लिहायची तर तयारी लागते. उद्योगांच्या संघटना त्यासाठी लॉ फर्म लावतात. बाकीच्यांच्या वतीने हे वाचन कोणी करायचे, या प्रश्नाला राळेगणने तीस वर्षे आपल्या परीने उत्तर दिले, चुकत, धडपडत, कधी एकाच माणसाच्या नावावर जास्त भिस्त ठेवून.

अण्णांचा जन्म 15 जून 1937 चा. कार्यालयात पत्रे अजून येतात. पारनेरच्या तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारे अजून बसतात, त्यांच्या टेबलावर आता माहिती अधिकाराच्या अर्जाचा छापील नमुनाही असतो. जोडपत्र अ. विषय एकच असावा आणि मजकूर दीडशे शब्दांत मावावा, असा राज्याचा 2012 चा नियम आहे, म्हणून लिहिणारा आधी सगळे ऐकून घेतो, मग विचारतो, यातले नेमके काय मागायचे?